बाहेर आलेली खोली आत जाईना तेव्हा

शहराबाहेरच्या एखाद्या फार्महाऊसवर दिवसभराचं चित्रीकरण संपतं, दिवे उतरवले जातात, आणि नटासाठी आणलेल्या कॅरव्हॅनची बाजूची खोली आत घ्यायची वेळ येते. चालक बटण दाबतो. मोटर गुरगुरते, खोली वीतभर आत सरकते आणि थांबते. तो पुन्हा दाबतो. या वेळी नुसता ‘टक्’ असा आवाज. तिसऱ्या वेळी तोही नाही. खोली अर्धी आत, अर्धी बाहेर. गाडी अशी रस्त्यावर काढता येत नाही, आणि सकाळी सहाला ती शहराच्या दुसऱ्या टोकाला हवी आहे. यापुढच्या दहा मिनिटांत चालक काय करतो, यावर बरंच काही ठरतं. एखादा फ्यूज बदलून भागेल, किंवा मोटर, गिअर आणि भिंतीचं पॅनेल असं सगळंच बदलावं लागेल. सरकती खोली बहुतेक वेळा अडते ती किरकोळ कारणाने. मोडते ती मात्र तिच्यावर जोर केल्यामुळे.

या खोलीची गरज मुळात रस्त्याच्या नियमांतून निर्माण झाली. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडीची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त असता कामा नये. भिंतींची जाडी वजा केली तर आत सव्वादोन मीटरच्या आसपास जागा उरते. त्यात पलंग, बेसिन, आरसा, कपाट आणि माणसाला वळायला वाट हे सगळं बसवायचं. मग गाडी उभी केल्यावर भिंतीचा एक भाग खणासारखा बाहेर काढायचा आणि निघताना आत घ्यायचा, ही युक्ती निघाली. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या न्यूमार कंपनीने १९९० साली आपल्या मोटरहोममध्ये अशी स्लाइड-आउट खोली आणली आणि पुढच्या काही वर्षांत ती तिथल्या महागड्या गाड्यांची ओळखच झाली. मग ती पिकअप ट्रकच्या हौद्यावर बसवायच्या ट्रक कॅम्परमध्येही आली. आठ फूट लांब आणि अडीच फूट खोल असा भाग बाहेर आला की वीस चौरस फूट जागा मिळते. कागदावर हा आकडा लहान दिसतो, पण प्रत्यक्षात त्यामुळे दोन माणसं एकमेकांना न धडकता वावरू शकतात.

हैदराबादला चाकांवरच्या घराचं वेड जुनं आहे. १९८२ साली एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम पक्ष काढला आणि एका जुन्या शेव्हरोले व्हॅनचा ‘चैतन्य रथम’ करून अवघा आंध्र पालथा घातला. त्यांचे चिरंजीव हरिकृष्ण ती गाडी चालवत. तिच्याच टपावरून भाषण होई आणि दौऱ्यातला मुक्कामही बऱ्याचदा तिच्यातच पडे. हिंदी चित्रपटसृष्टीत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूनम धिल्लन यांनी व्हॅनिटी व्हॅन भाड्याने देण्याचा व्यवसाय सुरू केला. मग ही सोय हळूहळू सगळ्याच भाषांच्या चित्रपटांत आली. हयातनगरच्या पुढे विजयवाडा रस्त्यावर १९९६ साली उभी राहिलेली रामोजी फिल्म सिटी, बंजारा हिल्सचा अन्नपूर्णा स्टुडिओ आणि फिल्मनगरची वस्ती यांच्यामध्ये अशा गाड्यांची ये-जा रोजच चालू असते. अल्लू अर्जुनने २०१९ साली ‘फाल्कन’ नावाची गाडी रेड्डी कस्टम्सकडून तयार करून घेतली तेव्हा तिच्या किमतीची चर्चा देशभर झाली. २०२२च्या डिसेंबरात नट-राजकारणी पवन कल्याण यांच्या ‘वाराही’ या प्रचारवाहनाच्या रंगावरून वाद झाला. या प्रत्येक गाडीला सरकती खोली आहे असं नाही; पण अशा गाड्या बांधणारे, त्यांचं वायरिंग करणारे आणि त्या दुरुस्त करणारे हात या शहरात तयार झाले, ते या हौसेमुळेच.

महाराष्ट्रातल्या वाचकालाही हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. राज्याने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळानेही ‘केरव्हॅन’ योजना जाहीर केली. पुण्या-मुंबईची कुटुंबं भाड्याने मोटरहोम घेऊन कोकणात उतरू लागली आहेत. त्यातल्या मोठ्या गाड्यांना सरकता भाग असू शकतो, आणि भाड्याने देताना मालक तो बटण दाबून फक्त एकदा दाखवतो.

तर, घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

जाणकार मेस्त्री हत्याराला हात लावण्याआधी कान लावतो. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही तर वीज मोटरपर्यंत पोहोचलेलीच नाही. फ्यूज, बटण, नियंत्रक पेटी किंवा सुरक्षेचा इंटरलॉक यांपैकी कुठे तरी ती तुटली आहे. ‘टक्’ आवाज येऊन सगळं थांबलं तर रिलेचं काम होतंय, पण त्यापुढे मोटरला पुरेसा दाब मिळत नाही. मोटर घुमते पण खोली हलत नाही, याचा अर्थ ती कशाला तरी अडली आहे किंवा मोटरचा ब्रेक सुटलेला नाही. मोटर हलकेच, मोकळी फिरल्याचा आवाज येत असेल तर मोटर आणि गिअर यांना जोडणारी शिअर पिन तुटलेली असते. ही पिन मुद्दामच नरम ठेवतात, म्हणजे जोर जास्त झाला तर तीच आधी तुटते आणि महागडा गिअर वाचतो. तिच्या जागी घरातला कठीण बोल्ट ठोकणं हा पुढच्या मोठ्या खर्चाला स्वतःहून दिलेलं निमंत्रण आहे. आणि खोलीची एक बाजू सरकते, दुसरी जागेवरच राहते, हा आणखी वेगळा प्रकार. त्याकडे पुढे येऊ.

इंटरलॉकचं पाहून घ्यायला अर्धं मिनिट लागतं, तरी तेच सगळ्यात जास्त विसरलं जातं. गाडी धावत असताना खोली बाहेर येऊ नये म्हणून अनेक गाड्यांत हँडब्रेक ओढल्याशिवाय किंवा चावी ठरावीक स्थितीत असल्याशिवाय खोलीला वीजच मिळत नाही. हँडब्रेकचा छोटा स्विच धुळीने अडकला की डॅशबोर्डवरचा दिवा लागत नाही आणि खोलीही मुकी होते. चालकाने हँडब्रेक सोडून पुन्हा नीट ओढला, आणि तेवढ्यावर काम झालं, असं घडू शकतं.

खरं दुखणं बहुधा विजेचंच असतं, आणि ते समजून घेणं अवघडही नाही. बारा व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि विसावलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ला ती अर्ध्यावर आलेली असते आणि १२च्या खाली गेली म्हणजे जवळपास रिकामी. दिवसभर गाडीतले दिवे, पंखे, पंप चालले की संध्याकाळी खोली आत घ्यायच्या वेळीच बॅटरी सगळ्यात थकलेली असते. सकाळी सहज बाहेर आलेली खोली रात्री अडते त्याचं कारण हे. उपायही सोपा: इंजिन किंवा जनरेटर चालू करून बॅटरीला पंधरा-वीस मिनिटं दम घेऊ द्यायचा आणि चार्जिंग चालू असतानाच खोली आत घ्यायची.

पण बॅटरी भरलेली असूनही मोटरला वीज अपुरी मिळू शकते. बॅटरी मोटरपासून दहा मीटरवर आहे आणि गाडी बांधणाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार टाकली आहे, असं समजू. वीज जाऊन परत यायची म्हणजे तार वीस मीटर. एवढ्या तारेचा रोध साधारण ०.०९ ओहम भरतो. मोटरने वीस अँपिअर ओढले की वाटेतच जवळपास १.८ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीवर १२ असले तरी मोटरला दहाच मिळतात. त्या जागी सोळा चौरस मिलिमीटरची तार असती तर घट अर्ध्या व्होल्टच्याही आत राहिली असती. म्हणून बॅटरीवर मल्टिमीटर लावून ‘बॅटरी ठीक आहे’ म्हणणारा मेस्त्री अर्धंच काम करतो. मीटरच्या काड्या मोटरच्या टोकांना लावून, दुसऱ्या माणसाने बटण दाबलेलं असताना काय आकडा येतो, तो खरा. तसंच बॅटरीचा ऋण ध्रुव आणि मोटरचा ऋण ध्रुव यांच्यामध्ये, मोटर चालू असताना, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडी अर्थचा जोड खराब आहे. सांगाड्याला कसलेला तो एक बोल्ट पावसाने गंजतो, थिंबल सैल होतं, आणि सगळा दोष बिचाऱ्या मोटरवर येतो. मोटर बदलूनही खोली हलत नाही तेव्हा कुठे त्या बोल्टाकडे लक्ष जातं.

भारतात या दुखण्याला एक खास पुरवणी आहे. आपल्या मोठ्या बसेस आणि ट्रक २४ व्होल्टवर चालतात. त्यांत बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. परदेशी बनावटीची सरकत्या खोलीची यंत्रणा मात्र बहुधा बारा व्होल्टची. मग काही जण दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरूनच खोलीसाठी वीज घेतात. काही आठवडे चालतं. पण ती एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते, चार्जिंग मात्र दोघींना मिळून होतं, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त भरली जाऊन तापते. शेवटी दोन्ही जातात. योग्य रस्ता म्हणजे पुरेशा क्षमतेचा २४चे १२ करणारा कन्व्हर्टर, नाही तर दोन्ही बॅटऱ्यांचा समतोल राखणारा इक्वलायझर, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे खोलीसाठी वेगळी बॅटरी. गाडी बांधून घेताना हा एक प्रश्न विचारला तरी कारागिराला कामाची जाण किती आहे ते कळतं.

विजेनंतर जमीन. पावसाळ्यात फुगलेल्या जुन्या लाकडी कपाटाचा खण एका बाजूने ओढला की तिरका होऊन घट्ट बसतो. कितीही हिसका दिला तरी येत नाही, पण दोन्ही बाजूंनी सारखा ओढला की सहज निघतो. सरकत्या खोलीचंही तसंच होतं. गाडी तिरकी उभी असेल तर सांगाडा किंचित पिळला जातो, भिंतीतल्या चौकटीचे काटकोन बिघडतात आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरकही शेकडो किलोची खोली अडवायला पुरतो. हैदराबादच्या भोवती जमीन सपाट मिळणं कठीणच. कुठे ग्रॅनाइटचे खडक वर आलेले, कुठे मुरमाचा उतार. चेवेळ्ळा-विकाराबादकडे गेलं की काळी जमीन लागते, आणि पावसाच्या दिवसांत तिच्यात जॅकचा पाय दुपारपर्यंत बोटभर रुततो. सकाळी पाणसळीत असलेली गाडी संध्याकाळी एका कोपऱ्याने खचलेली असते. म्हणून जॅकखाली जाड फळ्या किंवा ठोकळे हवेतच. खोली अडल्यावरही आधी पाणसळ ठेवून बघावी आणि खचलेला कोपरा सावकाश उचलावा. पुष्कळदा एवढ्यानेच खोलीचा आवाज बदलतो.

मग अडथळे. खोलीखाली चप्पल, मुलांचं खेळणं, चमचा, सामानाच्या पेटीचा कोपरा असं काहीही जाऊन बसतं. बाहेरून छतावर पाहणंही तितकंच गरजेचं. झाडाखाली गाडी उभी केली की काड्या, पानं, कडुलिंबाच्या निंबोळ्या सरकत्या भागाच्या टपावर साचतात आणि आत येताना रबरी बीडिंगखाली अडकतात. पाऊस पडून गेला असेल तर वरचं पाणी पुसून मगच खोली आत घ्यावी. नाही तर ते पाणी फरशीच्या प्लायवूडमध्ये मुरतं, प्लायवूड फुगतं आणि पुढच्या खेपेला अडथळा तोच बनतो. ही बिघाडाची सगळ्यात संथ आणि सगळ्यात महागडी वाट आहे.

बीडिंगचं हैदराबादच्या उन्हाशी विशेष वैर आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गाडीचा पत्रा हात लावू देत नाही, आणि महिनाभर दाबून बंद राहिलेलं रबर रंगाला चिकटून बसतं. गाड्या नुसत्या उभ्या राहण्याचे प्रसंगही या व्यवसायात येतात. २०२०च्या टाळेबंदीत चित्रीकरणं महिनोन् महिने बंद होती. १ ऑगस्ट २०२२ पासून तेलुगू निर्मात्यांनी स्वतःहून काही आठवडे काम थांबवलं होतं. वापरलेली खोली बिघडते त्यापेक्षा न वापरलेली जास्त बिघडते. म्हणून गाडी उभी असली तरी महिन्यातून एकदा खोली पूर्ण बाहेर काढून पूर्ण आत घ्यावी. बीडिंग साबणाच्या सौम्य पाण्याने पुसून त्यावर सिलिकॉनचा हलका फवारा मारावा. पेट्रोल, रॉकेल किंवा साधं ग्रीस रबराला कधीच लावू नये. रबर फुगतं आणि मऊ पडतं. दातेरी पट्ट्यांवर जाड ग्रीस चोपडण्याची सवयही धुळीच्या प्रदेशात घातक. ग्रीसमध्ये धूळ बसली की तिची घासणारी लुगदी होते आणि तीच दाते खाते. तिथे कोरडं पीटीएफई वंगण लावणं चांगलं.

आता एक बाजू सरकते, दुसरी नाही, त्याबद्दल. सरकत्या खोलीच्या यंत्रणा मुख्यतः चार प्रकारच्या असतात. फरशीखाली दांडे आणि दातेरी पट्टी असलेली, केबल आणि कप्प्यांवर ओढली जाणारी, हायड्रॉलिक सिलिंडरवर चालणारी, आणि भिंतीतच दोन्ही बाजूंना दातेरी पट्ट्या बसवलेली. या शेवटच्या प्रकाराला ‘श्विंटेक’ म्हणून ओळखतात. वजनाला हलकी आणि जागा कमी खाणारी म्हणून लहान गाड्यांना ती सोयीची. तिच्यात प्रत्येक बाजूला स्वतंत्र मोटर असते, आणि प्रत्येक मोटर किती फिरली हे चुंबकीय संवेदक मोजत राहतो. नियंत्रक पेटी दोन्ही आकडे जुळवून खोली सरळ ठेवते. गडबड अशी होते की चालक बटण दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, मध्येच दिशा बदलतो. दर वेळी दोन्ही बाजूंच्या हिशेबात थोडा फरक पडत जातो आणि एक दिवस पेटी दोन्ही मोटरी बंद करून दिवा लुकलुकवत बसते.

तो दिवा किती वेळा लुकलुकतो, यावरून कोणती मोटर आणि कोणता दोष ते कळतं. माहितीपुस्तकात त्याचा तक्ता असतो. दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजून लिहून ठेवल्याशिवाय पेटीची तार काढू नये. या यंत्रणेत खोली नेताना बटण शेवटपर्यंत दाबून धरायचं असतं. खोली टोकाला पोहोचली, मोटरी आपणहून थांबल्या, त्यानंतरही क्षणभर बोट ठेवायचं, म्हणजे पेटीला टोक कळतं आणि दोन्ही बाजूंचा हिशेब नव्याने सुरू होतो. बहुतेक किरकोळ बेसूर याने सुटतात. त्यानेही भागलं नाही तर पेटीवरचं मोड बटण झटपट सहा वेळा दाबून सातव्या वेळी पाचेक सेकंद दाबून धरायचं. लाल आणि हिरवा दिवा एकत्र लुकलुकू लागले की संवेदकांचा हिशेब बाजूला ठेवून मोटरी चालतात आणि खोली आत घेता येते. त्या वेळी दोन माणसं बाहेर दोन्ही कडांशी उभी हवीत, कारण आता खोली सरळ ठेवणारं कुणी नसतं. एक बाजू मागे पडली की लगेच थांबायचं आणि मागे पडलेल्या बाजूला हाताने आधार द्यायचा. पेटीने मोटर बंद केली आहे तर ती काही तरी सांगते आहे. तिला गप्प करणं हा फक्त घरी पोहोचण्यापुरता मार्ग आहे.

हायड्रॉलिक यंत्रणेची तपासणी वेगळी. पंप चालतो पण खोली हलत नाही, तर आधी तेल बघायचं, आणि तेही खोली व जॅक सगळे आत असताना. सिलिंडर बाहेर असले की तेल त्यांच्यात गेलेलं असतं आणि टाकी उगाच रिकामी दिसते. तेल ठीक असेल तर व्हॉल्व्हची विजेची जोडणी, मग नळ्यांतली हवा. उभ्या गाडीची बंद खोली हळूहळू स्वतःहून बाहेर येऊ लागली तर सिलिंडरच्या आतलं सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. हैदराबादची जमेची बाजू इथे दिसते. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये यंत्रांचे सुटे भाग, बेअरिंग, नळ्यांचे जोड यांच्या दुकानांची रांगच आहे. बालानगर-जीडिमेटलाच्या औद्योगिक पट्ट्यात लेथवर एखादा गिअर किंवा बुश घडवून देणारे कारागीर मिळतात. याच बालानगरमध्ये १९६८पासून केंद्रीय हत्यार अभिकल्प संस्था टूलरूमचं शिक्षण देते आहे, आणि आसपासच्या कारखान्यांत त्या कामाची परंपरा मुरली आहे. परदेशी भाग यायला आठवडे लागतात. इथे जुना नमुना दाखवून नवा करून घेता येतो. शिअर पिन मात्र घडवून घेताना मूळ धातूचीच घ्यावी, अधिक मजबूत नको.

काहीच चाललं नाही तर हाताने. दातेरी पट्टीच्या यंत्रणेत मोटरच्या शेजारी हँडल किंवा सॉकेट पाना लावायची जागा असते, आणि मोटरचा ब्रेक सोडायची एक कळ. ती कळ सोडल्याशिवाय हँडल फिरत नाही, आणि लोक तिथे पाइप लावून जोर करतात. भिंतीतल्या यंत्रणेत मोटरीच्या तारा पेटीपासून काढून, दोन्ही बाजूंना सारखी माणसं उभी करून खोली ढकलावी लागते. तेही खालच्या कडेला, सांगाड्याजवळ, भिंतीच्या मधोमध नव्हे. ढकलताना आत कुणी नको, विशेषतः मुलं, आणि सरकत्या कडेत बोटं नकोत. शेकडो किलोचं वजन एकदा गतीत आलं की हाताने थांबत नाही.

खोली आत गेल्यानंतरची चूक जास्त धोक्याची. ब्रेकची कळ पुन्हा लावायची राहून जाते. मग गाडी पहिल्या वळणावर झुकली की खोली स्वतःच्या वजनाने बाहेर निघू लागते, आणि त्या वेळी तिच्या कडेला एखादा दुचाकीवाला असू शकतो. म्हणून हाताने आत घेतलेली खोली कुलूपकाठीने किंवा आतून दोन मजबूत रॅचेट पट्ट्यांनी बांधल्याशिवाय गाडी हलवू नये. हैदराबादहून सोलापूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ६५ वर झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा अशी गावं लागतात. तीनशेच्या वर किलोमीटरचा हा रस्ता अशा बांधलेल्या खोलीने पार करायचाच असेल तर दर थांब्यावर पट्ट्या तपासाव्या, आणि दोन बोटं जरी खोली बाहेर आलेली दिसली तरी पुढे जाऊ नये.

पिकअपवरच्या ट्रक कॅम्परला हे सगळं लागू आहेच, पण त्याच्या अडचणी थोड्या आणखी टोकदार असतात. कॅम्पर ट्रकपासून वेगळा होतो, म्हणजे त्याची स्वतःची बॅटरी लहान असते आणि ट्रककडून तिला बारीक तारेने चार्जिंग मिळतं. मोठ्या मोटरहोममध्ये तग धरणारी यंत्रणा इथे विजेअभावी आधी थांबते. बाहेर आलेली खोली एका कडेला वजन टाकते, ट्रकची स्प्रिंग त्या बाजूला दबते आणि कॅम्परही झुकतो. म्हणून त्याचे चार पाय जमिनीला टेकवून मगच खोली काढण्याचा सल्ला दिला जातो. अमेरिकेत सरकत्या खोलीच्या अशा कॅम्परचं वजन सहज एक टनाच्या पुढे जातं. आंध्रातल्या श्री सिटीत बनणाऱ्या इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉससारख्या आपल्या हौशी पिकअपवर तेवढा भार टाकणं शक्यच नाही. त्यांच्यावर वर उचलणाऱ्या छताचा हलका कॅम्परच शोभतो. सरकती खोली हवीच असेल तर ती मध्यम ट्रकच्या किंवा बसच्या चासीवर बांधावी, आणि इथल्या मेस्त्रींचा अनुभवही त्याच कामाचा आहे.

तपासणीची योग्य वेळ मृगाच्या आधीची. मेच्या शेवटी खोली पूर्ण बाहेर काढून बीडिंगच्या चिरा, फरशीच्या कडा, अर्थचा बोल्ट आणि बॅटरीची टोकं पाहिली, आणि रबरापाशी पाणी मारून आत ओल येते का ते बघितलं, तर पावसाळ्यातले बहुतेक बिघाड उन्हाळ्यातच सापडतात. ओल लागलेला प्लायवूडचा कोपरा जूनमध्ये बदलला तर एक तुकडा बदलावा लागतो. ऑक्टोबरमध्ये अख्खी फरशी.

नवी गाडी बांधून घेणाऱ्याने मात्र त्याही आधी, ताबा घेतानाच सावध व्हावं. वायरिंगचा नकाशा, फ्यूज कुठे आहे, बीडिंग कोणत्या मापाचं, शिअर पिन कोणत्या धातूची, ब्रेक सोडायची कळ कुठे, हे सगळं मराठीत, तेलुगूत, चालकाला येत असेल त्या भाषेत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून घ्यावं. हँडल आणि त्याचा सॉकेट गाडीतच, हाताशी येईल अशा जागी बांधलेला हवा. अडलेल्या खोलीनेच बंद केलेल्या कपाटात तो ठेवलेला असेल तर काय उपयोग? आणि पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी बॅटरीची तार काढून ठेवावी आणि कारागिरालाच सांगावं, ही खोली आता हाताने आत घेऊन दाखवा.